मेलेल्यांचा नवा पत्ता

बंधू एव्हरेट सँडिफर यांनी मिटलेल्या बायबलवर उजवा पंजा ठेवला, डोळे गच्च मिटले, आणि तंबूतल्या दोनशे माणसांनी पुठ्ठ्याचे पंखे हलवायचे थांबवले.

"एक मुलगा," बंधू पुटपुटले. "फेब्रुवारी महिना... बाहेर बर्फ... एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी... वेस्ली! वेस्ली रे! सात पौंड दोन औंस! कुणाचा आहे हा मुलगा?"

"माझा!" तिसऱ्या रांगेतून किंकाळी आली. "माझा आहे!"

ही किंकाळी माझ्या धाकट्या बहिणीची, लोरेनाची. तिचा वेस्ली सहा वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला, त्याला पंचवीस वर्षं झाली. शेजारणींनी तिला दोन्हीकडून धरून पुढे नेलं. बंधूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आवाजात मध कालवून ते म्हणाले, "रडू नका, भगिनी. तो तिकडे मोठा झालाय. एकतीस वर्षांचा उंचापुरा गडी झालाय. त्याला तिकडे नवीन घर मिळालंय. तो तुम्हाला कळवील. लवकरच कळवील!"

"हालेलुया!" तंबू गरजला.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीतून दोन हजार एकोणीसपर्यंत किती वर्षं होतात हे सांगायला देवदूत लागत नाही, तिसरीची वजाबाकी पुरते. पण त्या दिवशी आमच्या रॅमी फोर्क गावात वजाबाकी करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मे महिन्याचा शेवटचा रविवार होता. सकाळपासून आम्ही सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत आपापल्या माणसांची थडगी घासून, गवत काढून, फुलं ठेवून आलो होतो. डोळे ओले, पोटात बीन्स आणि मक्याची भाकरी. अशा माणसांना गंडवायला फार अक्कल लागत नाही. सँडिफरला ते माझ्याआधी कळलं होतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

चमत्कार असा होता. तीन दिवस आधी हे फिरते प्रचारक बंधू आपला तंबू घेऊन आले आणि म्हणाले, घराघरातलं बायबल आणा, मी त्यांच्यावर प्रार्थना करीन. सगळी बायबलं एका मोठ्या लाकडी पेटाऱ्यात ठेवली गेली. कुलूप आमच्याच गावच्या हर्शेल नोबलच्या दुकानातलं, पितळी, मुठीएवढं. किल्लीही हर्शेलच्याच गळ्यात, बुटाच्या नाडीत ओवलेली. हर्शेल म्हणजे आमच्या चर्चचा डीकन, तिथला कारभार पाहणारा, चाळीस वर्षं खिळे, हातोड्या, पाइप विकणारा, शब्दाचा पक्का माणूस. तीन रात्री तो किल्ली छातीवर घेऊन झोपला. रविवारी कुलूप जसंच्या तसं होतं. आणि तरीही बंधू सँडिफर मिटलेल्या बायबलवर हात ठेवून आत काय लिहिलंय ते घडाघडा सांगत होते!

आता आमच्याकडच्या बायबलबद्दल एक सांगायला हवं. ते अर्धं शास्त्र असतं आणि अर्धं कपाट. मधल्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले. पानापानांत पोरांच्या जावळाची बट, शाळेतला फोटो, मयताची पत्रिका. आणि प्रत्येकाचं सोशल सिक्युरिटीचं कार्ड, म्हणजे जन्मल्यापासून माणसाला चिकटलेला सरकारी नऊ आकडी नंबर. ज्याच्याजवळ तो नंबर, नाव आणि जन्मतारीख, त्याला तुमच्या नावानं खातं उघडता येतं, कार्ड काढता येतं, कर भरून परतावासुद्धा लाटता येतो. सरकार सांगतं, कार्ड जपून ठेवा. आमची आई म्हणायची, "बायबलमध्ये ठेव. चोर काय वाट्टेल ते नेईल, बायबल थोडंच नेणार?"

बरोबरच होतं तिचं. चोरानं नेलं नाही. आम्हीच डोक्यावर घेऊन त्याच्या दारात नेऊन दिलं.

मी, डेल्फिया स्टिडम, रॅमी फोर्कची टपालवाली. सत्तावीस वर्षं उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची जीप घेऊन या दरीतल्या एकशे चाळीस पेट्यांत टपाल टाकतेय. कुणाला मुलाचं पत्र येतं, कुणाला कोर्टाचं, हे मला पाकिटावरून कळतं, आणि ते माझ्या पोटात राहतं. देवाधर्माशी माझं भांडण नाही. देवाच्या नावानं दुकान मांडणाऱ्यांशी आहे, आणि ते कडाक्याचं आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी लोरेनाच्या पेटीत एक पाकीट टाकलं. वर छापलेलं नाव: वेस्ली रे कॉडिल. माझा हात पेटीतच थबकला. पण टपाल ते टपाल. मी टाकलं.

संध्याकाळी लोरेनाचा फोन आला. मी गेले तर स्वयंपाकघरात शेंगा निवडायचं टोपलं तसंच पडलेलं, आणि बाई ते पत्र छातीशी धरून बसलेल्या.

"कळवलं त्यानं, डेल्फी," ती म्हणाली. "बंधू म्हणाले होते ना? बघ, कळवलं!"

मी पत्र वाचलं. एका कार्ड-कंपनीचं होतं. प्रिय वेस्ली, आपल्या सूचनेप्रमाणे आपला नवा पत्ता नोंदवून घेतला आहे. टपालपेटी क्रमांक ४१८, नॉक्सव्हिल.

"लोरेना, हे क्रेडिट कार्डवाल्यांचं पत्र आहे."

"असू दे."

"अगं, असू दे काय? स्वर्गात क्रेडिट कार्ड चालतं होय?"

"त्यात लिहिलंय नवा पत्ता. बंधू म्हणाले होते, नवीन घर मिळालंय."

"नॉक्सव्हिलमध्ये?"

"तू टिंगल कर!" तिनं पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. "तुला सगळ्याची टिंगलच सुचते. पंचवीस वर्षांत त्याच्या नावानं माझ्या दारात काही आलं नव्हतं, डेल्फी. काही म्हणजे काही नाही. आज त्याचं नाव छापून आलंय."

मी टोपलं पुढे ओढलं आणि शेंगा निवडत बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दुसऱ्या दिवशी, टपाल कचेरीत. आमच्याकडे कुणी घर बदललं की तो एक अर्ज भरून देतो, आणि त्याचं टपाल आम्ही पिवळी पट्टी चिकटवून नव्या पत्त्यावर पाठवतो. माझ्या फळीवर त्या सकाळी वेस्लीची पिवळी पट्टी आली होती. त्याच्या शेजारी अर्ल बॅगलीची, जो दोन हजार एकमध्ये खाणीत गेला. त्याच्या शेजारी ऑपल नोबलची, म्हणजे हर्शेलच्या जुळ्यांतली जी जगली नाही ती. मी मोजत गेले. रॅमी फोर्कमधले अकरा जण एका महिन्यात घर बदलून गेले होते. अकराही जण टेकडीवर मातीखाली. आणि अकराही जणांचा नवा पत्ता एकच होता.

टपालवाल्यांना एक नियम असतो: कुणाचं टपाल कुठे जातं हे तिसऱ्याला सांगायचं नाही. तो मी सत्तावीस वर्षांत मोडला नव्हता. मी पोस्टमास्तरांना सांगितलं, त्यांनी टपाल खात्याच्या तपासनिसांना कळवलं, त्यांनी माझा जबाब घेतला. तपास सुरू झाला. तोवर तोंड बंद ठेवा, असं मला बजावलं. मी तोंड बंद ठेवलं. जे मला ओळखतात त्यांना ही शिक्षा केवढी मोठी ते कळेल.

ऑगस्टमध्ये सँडिफर परत आला, आणि बायबलं पुन्हा पेटाऱ्यात गेली. या वेळी मागणी वाढली होती. मे महिन्यात मेलेले झाले, आता जिवंतांची पाळी.

"जीवनाच्या पुस्तकात नावं लिहिली जात आहेत!" शुक्रवारी तो तंबूत ओरडला. "तुमचं आहे का? प्रभूला अर्धवट पत्ता चालत नाही, बंधूंनो! पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, तुमचा नंबर! आणि तुमची भाकर ज्या बँकेत येते तिचं नाव, म्हणजे प्रभू त्या भाकरीलाही आशीर्वाद देईल!"

लोक हसले. हसले, पण भक्तिभावानं हसले. छापील फॉर्म वाटले गेले. रविवारी दुपारी, बायबलांच्या चमत्कारानंतर, भरलेले फॉर्म त्याच पेटाऱ्यात जायचे होते आणि पेटारा बंधूंबरोबर सात दिवसांच्या उपासाला जायचा होता. फॉर्म गोळा करायचं काम कुणाकडे? माझ्या बहिणीकडे. पहिला फॉर्म कुणाचा? तिचाच. लोरेनाचा नवरा खाणीतल्या धुळीनं फुफ्फुसं काळी होऊन गेला, आणि त्याचं निवृत्तिवेतन दर महिन्याला तिच्या खात्यात येतं. तेवढ्यावरच तिची चूल पेटते. तो फॉर्म पेटाऱ्यातून गावाबाहेर गेला असता तर नोव्हेंबरपर्यंत चूल थंड झाली असती.

मी तपासनिसांना फोन केला. ते म्हणाले, सोमवारी सकाळी आमची माणसं येतात, तोवर त्याला चाहूल लागू देऊ नका. सोमवारी! सँडिफर रविवारी संध्याकाळी जाणार होता.

मी तिच्या दारात गेले. "लोरेना, फॉर्म देऊ नकोस. का ते मला सांगता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेव."

"का सांगता येत नाही?"

"नियम आहे."

"नियम!" ती कडवट हसली. "वेस्ली गेला तेव्हा तू दुसऱ्या दिवशी टपाल टाकायला गेली होतीस, आठवतंय? तेव्हाही नियमच होता. तुला माझं सुख बघवत नाही, डेल्फी. जा तू."

तिनं जाळीचं दार लावून घेतलं. मी जीपमध्ये येऊन बसले. ती म्हणाली ते खरं होतं. मी गेले होते.

बसल्या बसल्या मला क्लेमेंटाइन आठवली आणि पुढचं सगळं सुचलं.

माझ्याकडे एक जुनं, कोरं बायबल पडून होतं. त्याच्या जन्माच्या पानावर मी सुबक अक्षरांत लिहिलं: क्लेमेंटाइन रूथ स्टिडम, आमच्या घरी आली ९ एप्रिल १९६८. मृत्यूचं पान कोरंच ठेवलं. यात एक शब्द खोटा नव्हता. शनिवारी ते बायबल घेऊन मी मान खाली घालून तंबूत गेले. सँडिफरचा चेहरा असा फुलला की जणू बुडता आत्मा त्यानं स्वतः पोहून वाचवला होता.

"भगिनी डेल्फिया! मला माहीत होतं, तुम्ही येणार. प्रभूनं सांगितलं होतं."

"मग बाकीचंही त्यानं सांगावं, एवढीच इच्छा आहे," मी म्हणाले.

रविवारी जेवणं तंबूबाहेरच्या लांब टेबलांवर झाली. कोंबडीचं कालवण, बटाट्याची कोशिंबीर, सात प्रकारचे फळांचे केक. लोरेनानं माझ्याकडे पाहिलंही नाही. फॉर्मचा गठ्ठा तिच्या मांडीवर होता, सगळ्यात वर तिचाच, निळ्या शाईनं भरलेला. मग सगळे आत गेले. हर्शेलनं छाती पुढे काढून कुलूप दाखवलं, किल्लीनं उघडलं, आणि बंधू सुरू झाले. दोन-तीन घरांची बायबलं झाली. हुंदके, हालेलुया, हात वर. मग माझं बायबल आलं.

पंजा पडला. डोळे मिटले. "एक मुलगी... एप्रिल महिना, वसंतातली कळी... एकोणीसशे अडुसष्ट. नाव... गोड नाव आहे... क्लेमेंटाइन! क्लेमेंटाइन रूथ!"

तंबूत कुणीतरी खोकलं. आमच्या दरीत पन्नाशीच्या पुढचा असा माणूस नाही, ज्याला क्लेमेंटाइन माहीत नव्हती.

"तुमच्यावर फार जीव होता तिचा, भगिनी डेल्फिया."

"होता खरा," मी म्हणाले.

"तिनं तुमच्या घरासाठी फार ओझं वाहिलं. तक्रार न करता!"

"ओझं वाहिलं. तक्रारीचं तेवढं खरं नाही."

मागच्या बाकावरून खुसखुस आली. सँडिफरनं ती भावनांची समजली आणि त्याला चेव चढला. "लग्न झालं नाही तिचं. पण आता, आता ती शुभ्र वस्त्रं घालून उभी आहे, हातात वाद्य आहे, किती कोमल हात, आणि ती गातेय! काय तो गळा!"

हर्शेल नोबल जागेवरून हळूहळू उठला. त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. "बंधू," तो म्हणाला, "जरा थांबा. क्लेमेंटाइन गातेय?"

"देवदूतांबरोबर, बंधू हर्शेल!"

"क्लेमेंटाइन खेचर होती," हर्शेल म्हणाला. "डेल्फियाच्या बापाची. माझ्या दोन बरगड्या मोडल्यात तिनं त्या कोमल हातांनी. मागच्या."

तंबू हसला म्हणता? कापड फाटतं की काय असं वाटलं. पण मी हसत नव्हते आणि लोरेनाही नव्हती.

सँडिफर पक्का मुरलेला. "सैतान थट्टा करतोय!" तो गरजला. "या बाईनं पवित्र ग्रंथात खोटं लिहिलं!"

"एक अक्षर दाखव खोटं," मी म्हणाले. "आमच्या घरी आली, असंच लिहिलंय. पण मला सांग, मी काय लिहिलं ते तुला कसं कळलं? स्वर्गातून कळलं असतं तर खेचर आहे हेही कळलं असतं. तू पान वाचलंस."

"कुलूप होतं! किल्ली तुमच्या डीकनच्या गळ्यात होती! विचारा त्याला!"

सगळ्यांचे डोळे हर्शेलकडे वळले. हर्शेलनं झाकण मिटून कुलूप पुन्हा लावलं. तो पेटाऱ्याला वळसा घालून मागे गेला, गुडघ्यांवर बसला, आणि बिजागऱ्या निरखू लागला. मग खिशातून एक खिळा काढला, खालून बिजागरीच्या नळीत घातला आणि बुटाच्या टाचेनं ठोकला. बिजागरीची सळई अलगद वर आली. ती तेल लावून गुळगुळीत केलेली होती. दुसरी तर बोटांनीच निघाली. हर्शेलनं झाकण मागून उचललं. पुढे पितळी कुलूप ऐटीत लटकत होतं.

"चाळीस वर्षं बिजागऱ्या विकतोय मी," हर्शेल म्हणाला. "तीन रात्री किल्ली उराशी धरून झोपलो. मागे एकदाही बघितलं नाही."

त्यानं गळ्यातली नाडी काढली आणि किल्ली बाकावर ठेवून दिली. मला त्याची दया आली. मूर्ख तो एकटा नव्हता.

तेवढ्यात लोरेना उभी राहिली. फॉर्मचा गठ्ठा तिनं छातीशी धरला होता. "बरं. त्यानं बायबल वाचलं. पण मग वेस्लीचं पत्र? ते कसं आलं, डेल्फी? ते तर सरकारी टपालानं आलं. तूच आणलंस."

ती मला हरवायला विचारत नव्हती. मी उत्तर देऊच नये असं तिला वाटत होतं.

"कुणाचं टपाल कुठे जातं ते मी सांगू शकत नाही," मी म्हणाले. "माझी नोकरी जाईल. पण आपलं स्वतःचं पत्र वाचायला कुणाला बंदी नाही. तुझ्याकडे आहे ना ते? वाच. मोठ्यानं वाच. फक्त नवा पत्ता."

तिनं पर्समधून पत्र काढलं. ते घड्यांवर विरलं होतं, इतक्या वेळा उघडलेलं. "टपालपेटी क्रमांक चारशे अठरा," तिनं वाचलं. "नॉक्सव्हिल."

"अजून कुणाला असं पत्र आलंय? आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं?"

मग म्हातारी टेसी बॅगली काठीवर उठली. सगळ्यांनी ती पत्रं लपवून, जपून ठेवली होती, प्रत्येकाला वाटत होतं आपल्यालाच आलंय. टेसीनं चष्मा लावला. "आमच्या अर्लचं आहे. कंपनी दुसरीच दिसते. पत्ता... चारशे अठरा. नॉक्सव्हिल."

"चारशे अठरा," हर्शेल म्हणाला. त्याच्या हातात कागद नव्हता. त्याला पाठ होतं.

"आमचंही."

"आमचंही."

सहावं पत्र वाचून होईपर्यंत हुंदके थांबले होते आणि कुजबुज चढली होती. सँडिफरनं एक शेवटचा प्रयत्न केला. "प्रभूच्या घरात," तो हात पसरून म्हणाला, "जागेची कमी नाही..."

"माझा नवरा सहा फूट दोन इंच होता," टेसी बॅगली म्हणाली. "तो पेटीत मावला कसा, एवढं सांग मेल्या."

सँडिफर तंबूच्या मागच्या बाजूनं निघाला. तिथे त्याच्या गाडीमागे बॅगलींच्या तीन पोरांनी आपले तीन ट्रक आधीच लावून ठेवले होते. टेसीच्या मोठ्या नातवानं शेरीफच्या कचेरीत फोन केला. सँडिफर दार लावून गाडीत बसून राहिला, आणि कुणी त्याला हात लावला नाही. लावला असता तर मला वाईट वाटलं असतं असं मी म्हणणार नाही.

सोमवारी टपाल खात्याची माणसं आली. त्याच्या फोनमध्ये आमच्या बायबलांच्या पानांचे फोटो निघाले, कार्डांसकट. नॉक्सव्हिलमध्ये ती पेटी त्याच्या मेहुण्याच्या नावावर होती. वेस्लीच्या नावाची तीन कार्डं होती. सहा वर्षांच्या पोरानं ट्रकचे चार टायर आणि मासेमारीची एक बोट विकत घेतली होती.

मेलेलेच का? मी तपासनिसांना विचारलं. ते म्हणाले, जिवंत माणूस कधीतरी आपलं नाव तपासतो. मेलेला तक्रार करत नाही. फक्त एवढंच लागतं, की तो मेलाय हे नंबर देणाऱ्या सरकारी खात्याला कुणी कळवलेलं नसावं. आणि ते कसं ओळखायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मला फोटो दाखवले. प्रत्येक घराची दोन-दोन पानं होती, जन्माचं आणि मृत्यूचं. अकरा नावं अशी होती, जी जन्माच्या पानावर आणि टेकडीवरच्या दगडांवर होती, पण मृत्यूच्या पानावर नव्हती. घरच्यांना लिहायचा धीरच झाला नव्हता. ज्यांना लिहवलं नाही त्यांनी कळवलंही नसणार, हे त्या नीच माणसानं बरोबर हेरलं. आमच्या दुःखाची रिकामी जागा त्यानं दुकानाचा गाळा म्हणून वापरली. याला मी पाप म्हणते. बाकीची पापं मला समजतात तरी.

पुढचे सहा आठवडे लोरेना आणि मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली. ओळख चोरीला गेली की ती परत मिळवायचं काम चमत्कारानं होत नाही, कागदांनी होतं. केंद्र सरकारकडे ओळख-चोरीची तक्रार केली. शेरीफकडून अहवालाची प्रत घेतली. लोकांची पत नोंदवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांना कळवून वेस्लीच्या नावापुढे मृत अशी नोंद करायला लावली. ज्या कंपन्यांनी कार्डं दिली त्यांना एकेक पत्र, पोचपावतीसह. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, सगळं वहीत. फोनवरची माणसं सौजन्यानं बोलायची आणि सगळी तेच विचारायची.

"माफ करा मॅडम, खातेदाराशीच बोलावं लागेल. वेस्ली आहेत का तिथे?"

पहिल्या वेळी लोरेनानं फोन माझ्या हातात दिला आणि उठून परसात गेली. दुसऱ्या वेळी तिनं फोन दिला नाही. "तो नाही," ती म्हणाली. "तो मेला. सहा वर्षांचा होता." पलीकडचा माणूस म्हणाला, दुसऱ्या विभागाला जोडून देतो. दुसऱ्या विभागानं विचारलं, वेस्ली आहेत का? तिनं पुन्हा सांगितलं. चौदा वेळा सांगितलं, मी वहीत खुणा केल्यात. ज्या वाक्याला ती पंचवीस वर्षं टाळत होती, ते त्या भामट्यानं तिच्याकडून चौदा वेळा वदवून घेतलं. तुरुंगात गेला तो. माझ्या हिशेबी ती शिक्षा कमीच आहे.

चौदाव्या फोननंतर लोरेनानं बायबल आणलं. मृत्यूचं पान उघडलं आणि लिहिलं: वेस्ली रे कॉडिल, ११ मे १९९४. अक्षर वळणदार होतं. मग कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. आणि आता माझं नाव गोठव."

ते मी तुम्हालाही सांगते, कारण ते फुकट आहे आणि अर्ध्या तासात होतं. त्या तिन्ही कंपन्यांकडे आपल्या नावाची पत गोठवून ठेवा, मग तुमच्या नावानं कुणाला नवं कार्ड काढता येत नाही. पोरांचीही गोठवा, त्यांचं नाव अठरा वर्षं कुणी तपासत नाही. गेलेल्यांची खबर सरकारी खात्याला द्या, कितीही जड गेलं तरी. नंबराचं कार्ड ग्रंथात नको, पाकिटात नको. आणि कुणी कुलूप दाखवून विश्वास मागू लागला तर उठा, मागे जा, बिजागरी बघा. ती बघितल्यानं कुठलाही खरा देव रागावत नाही.

यंदा मे महिन्यात थडगी सजवून झाल्यावर एक नवा प्रचारक आला होता. असेलही बिचारा सज्जन. प्रार्थनेसाठी म्हणून चिठ्ठ्या वाटत होता: नाव, पत्ता, जन्मतारीख. लोरेनानं चिठ्ठी घेतली, वर फक्त 'लोरेना' लिहिलं आणि परत दिली.

"भगिनी, जन्मतारीख राहिली," तो म्हणाला.

"प्रार्थना कुणाकडे जाणार?"

"देवाकडे."

"मग त्याला माहीत आहे," लोरेना म्हणाली, आणि वेस्लीच्या दगडाशेजारचं गवत उपटायला वाकली.